आधी कुणी हात लावला होता?

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा सकाळी सात वाजता फोन आला. "भाऊजी, दहाच्या आत इकडे या. एक बाई गाडी घेऊन येणार आहेत. ह्यांच्या तोंडून नुसतं ‘नाही’ एवढं वदवून घ्या आणि जेवूनच जा." मी लगेच हो म्हणालो, कारण ताईला नाही म्हणणं मला लग्नापासून आजवर जमलेलं नाही. दुसऱ्याला नाही म्हणायला लावण्याच्या कामगिरीवर असा माणूस निघाला होता.

ताईचे यजमान ते माझे साडू. साडू या नात्याचं एक बरं असतं. एकाच सासऱ्याने दोघांना पारखून घेतलेलं असल्यामुळे एकमेकांपुढे तोरा मिरवायची सोय नसते. हे साडू धंद्याने डेंटर. गाडी कुठे धडकली की पत्र्याला जो पोचा पडतो, तो हातोडीने काढून पत्रा पुन्हा सरळ करायचा. घराच्या पुढच्या दोन खोल्या पाडून केलेलं वर्कशॉप, मागे संसार, आणि मध्ये एक दार, जे बेचाळीस वर्षांत कधी नीट लागलं नाही. गिऱ्हाइकं त्यांना मिस्त्री म्हणतात. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. हातोडीच्या आवाजामुळे, असं ते म्हणतात. सोयीमुळे, असं ताई म्हणते.

त्यांची खरी दौलत म्हणजे तळहात. पत्र्यावर मऊ फडकं टाकून, डोळे मिटून ते वरून हात फिरवतात आणि तुम्हाआम्हाला सात जन्मांत दिसणार नाही असा खळगा बरोबर सांगतात. पण ही विद्या त्यांना दुकानात ठेवता येत नाही. घरी नवा फ्रिज आला तेव्हा टेम्पोतून उतरवता उतरवताच त्यांनी त्याच्या अंगावर हात फिरवला आणि "डावी बाजू मार खाल्लेली आहे" म्हणून तो दारातून परत पाठवला. माझं टक्कल पडल्यावर कौतुकाने डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "उजवीकडे जरा बसलंय." त्यानंतर मी आठ दिवस आरशासमोर दोन आरसे धरून उभा राहत होतो.

त्यांचा स्वभाव तसा गरीब. पण हातात गाडी आली की पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी कुणी हात लावला होता हिला?" आणि उत्तराची वाट न बघता त्या अज्ञात माणसाचा उद्धार सुरू. ही त्या धंद्याची रीतच आहे. नळवाला आधीच्या नळवाल्याला नावं ठेवतो, दाताचा डॉक्टर आधीच्या दाताच्या डॉक्टरला. पण ते दोन वाक्यांत आटपतात. आमचे साडू सकाळी नऊला जे सुरू करायचे ते ठोक्याला एक शिवी या हिशेबाने संध्याकाळपर्यंत चालायचं. ज्यांना कधी पाहिलं नाही, ज्यांचं नाव माहीत नाही, अशा शेकडो माणसांशी त्यांनी आयुष्यभर भांडण केलं.

आता सहासष्टाव्या वर्षी उजवा खांदा कुरकुरायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, ताईने सांगितलं, आणि शेवटी त्यांनी स्वतःच शब्द दिला की महिनाअखेर दुकान बंद. "मला आता शांतता हवीय," ताई म्हणाली होती, आणि बेचाळीस वर्षं हातोडी ऐकलेल्या बाईचं हे म्हणणं आम्हा सगळ्यांना पटलं होतं. आणि अशात मागच्या आठवड्यात एका निवृत्त नर्सबाईंचा फोन आला. पन्नासएक वर्षांची जुनी गाडी आहे, ती पूर्ण नव्यासारखी करून हवी, नट न् नट सुटा करून.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. अख्खी गाडी करायची ही साडूंची जन्माची हौस होती, आणि ती त्यांना कुणी कधी दिली नाही. हजारो गाड्या हाताखालून गेल्या, पण कुणाचं दार, कुणाचं मडगार्ड, कुणाची डिकी. शिंप्याने जन्मभर फक्त बटणं लावावीत तसं. त्यामुळे फोनवर ते "आणा, बघू" म्हणाले, आणि ताईने मला बोलावलं. हो म्हटलं तर दीड-दोन वर्षांचं काम, त्यात तो खांदा, आणि ताईची शांतता गेलीच. नाही म्हटलं तर ती हौस त्यांच्याबरोबरच जाणार.

मी पोचलो तेव्हा गाडी टेम्पोमागे दोरीने बांधून आलेलीच होती. बुटकी, गोल पाठीची, बाटलीसारखी हिरवी. मागच्या सीटमध्ये उंदरांनी दोन-तीन पिढ्या काढलेल्या. नर्सबाई सत्तरीच्या पुढच्या, काटकुळ्या, पाठीचा कणा पट्टीने आखल्यासारखा. त्यांनी स्वतःच एक स्टूल ओढून घेतलं आणि मांडीवर पिशवी ठेवून बसल्या.

"आधी तपासतो," साडू म्हणाले. "मग सांगतो घ्यायची की नाही. साडूभाऊ, तुम्ही लिहून घ्या."

मी कोर्टात लघुलेखक होतो. चौतीस वर्षं माझं काम एकच: बोललेलं ऐकायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं. काय महत्त्वाचं आणि काय नाही हे ठरवायचा अधिकार आम्हाला नसतो. मी वही उघडली.

साडूंनी खिशातून लोहचुंबक काढला. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून तो एका जुन्या मोज्यात घातलेला असतो. पोचा ठोकून काढायचा कंटाळा आला की काही लोक त्या खड्ड्यात लगदा भरतात, घासतात आणि वर रंग मारतात. या लगद्याला धंद्यात लांबी म्हणतात. पत्र्याला चुंबक चिकटतो, लांबीला चिकटत नाही. साडूंनी डाव्या मडगार्डला मोजा लावला आणि तो सरळ खाली पडला.

"आधी कुणी हात लावला होता हिला?" साडू म्हणाले.

"होता एक जण," नर्सबाई म्हणाल्या.

"तो मिस्त्री नव्हता, सिस्टर. गवंडी होता! ही दुरुस्ती नाही, गिलावा आहे. लिहा, साडूभाऊ."

मी लिहिलं. मोजा दारावर पडला. मोजा दाराच्या मागे पडला. अख्ख्या डाव्या बाजूला चुंबकाने हात टेकले, आणि साडूंना रंग चढत गेला. "ह्याला पत्रा आणि चिखल यातला फरक कळत नव्हता. असल्याच्या हातात हातोडी ज्याने दिली त्याला आधी धरायला पाहिजे. आईबापांनी काही शिकवलं नव्हतं का ह्याला?"

"फारच वाईट माणूस दिसतो," नर्सबाई म्हणाल्या.

"वाईट? असा माणूस तुम्हाला कुठे भेटला ना, तर मला दाखवा एकदा."

"दाखवीन की," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या.

मी मनातून खूश होतो. काम आपोआप फत्ते होत होतं. साडू प्रत्येक शिवीला नकाराच्या जवळ चालले होते. "असल्या कामावर मी माझं काम चढवणार नाही," असं वाक्यही येऊन गेलं, आणि मी त्याखाली रेघ मारून ठेवली.

मग ते गुडघे टेकून दाराखालच्या लांब पट्टीपाशी बसले. तिच्यावर बोटाने वाजवलं. टण्‌ असा आवाज यायच्या ऐवजी भिजलेल्या भोपळ्यासारखा आला. त्यांनी छिन्नी लावली, एक ठोका दिला आणि बशीएवढा लांबीचा खपला खाली पडला. आत पत्र्याचा एक तुकडा रिव्हेट मारून बसवलेला. "बघा, बघा! डबा! कुणाच्या तरी घरातला डबा कापून ठोकलाय. भामटा!" असं म्हणत त्यांनी पकडीने तो तुकडा उपटून काढला, उलटा केला आणि अंगठ्याने पुसला.

आतल्या बाजूला, एकाही ओरखड्याशिवाय, निळ्या पाण्यात दोन पांढरे हंस पोहत होते.

साडू गप्प झाले. मी त्यांना बोलता बोलता गप्प झालेलं पहिल्यांदाच बघत होतो. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, हे लिहू नका."

त्याच वेळी मधलं दार ढकलून ताई चहाचा ट्रे घेऊन आली. तिने तो तुकडा पाहिला. ट्रेमधले कप वाजले.

"अहो," ताई म्हणाली, "हा माझा डबा आहे."

आता हा डबा काय होता ते मला सांगितलंच पाहिजे, कारण यात माझ्या घराची अब्रू गुंतलेली आहे. एकतीस वर्षांपूर्वी ताईला कुणीतरी बिस्किटांचा एक सुंदर डबा भेट दिला होता. बिस्किटं संपल्यावर सुया-दोरे ठेवायला म्हणून तिने तो धुऊन उन्हात वाळत घातला आणि संध्याकाळी पाहते तर डबा गायब. त्या दिवशी घरी बाहेरचं म्हणून कोण आलं होतं? तर आमची ही. ताई तोंडाने काही बोलली नाही, फक्त "कुणाला आवडला असेल तर मागून घ्यायचा होता" एवढंच म्हणाली. दोघी बहिणी आठ महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. आणि त्या आठ महिन्यांत समेट घडवायला आमच्याकडे दोनदा कोण आलं होतं? हाच गृहस्थ! माझ्याच घरात बसून, माझाच चहा पिऊन, "बायकांचं काय मनावर घ्यायचं, साडूभाऊ" असं मला सांगून गेला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझं डोकं असं तापलं की मी वही मिटली आणि फोन हातात घेतला.

"ताई, आधी माझ्या बायकोला फोन लावतो. तिला काय ते तुम्ही सांगा."

"लावा," ताई म्हणाली, पण नजर नवऱ्यावरच होती. "एकतीस वर्षं मूग गिळून बसलात?"

"घरात पत्रा नव्हता," साडू म्हणाले. "सुट्टीचा दिवस. दुकानं बंद. आणि बाई म्हणाल्या, संध्याकाळच्या आत गाडी पाहिजे..." मग ते थबकले. हळूहळू वळून त्यांनी नर्सबाईंकडे पाहिलं. "पण ती गाडी तर पांढरी होती."

"गाडी पांढरी होती आणि माझे केस काळे होते," नर्सबाई म्हणाल्या. "पुढे दोघींचा रंग बदलला."

त्यांनी सगळं सांगितलं. त्या तेव्हा घरोघर बाळंतपणं करायला जायच्या. त्या दुपारी एका ट्रकने गाडीची डावी बाजू सोलून काढली होती, दार लागत नव्हतं, खालची पट्टी लोंबत होती, आणि लांबच्या एका घरी एक बाई अडलेली होती. दुसरा कुणी मिस्त्री सुट्टीच्या दिवशी दार उघडेना. या मिस्त्रीने उघडलं, आणि तीन तासांत गाडी चालती करून दिली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" साडू म्हणाले. "आणि मी मघापासून जे बोलतोय ते ऐकत बसलात?"

"तुम्ही इतकं मनापासून बोलत होतात, मध्ये तोडवेना. काय काय झालं लिहून? वाचून दाखवा ना."

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की दगडाला पाझर फुटला असता. पण मी कोर्टातला माणूस, डब्याचं प्रकरण ताजं होतं, आणि बायको फोन उचलत नव्हती. मी उभा राहून वाचलं. गवंडी, गिलावा, चिखल, भामटा, सगळं क्रमाने. "असल्याच्या हातात हातोडी ज्याने दिली" इथपर्यंत आलो तेव्हा ताई कडाडली, "ती हातोडी माझ्या बाबांनी दिली होती! लग्नात!" नर्सबाईंना हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडाला लावला. शेवटी ताईही हसली, मीही हसलो. हात दाखवून अवलक्षण करून घेतलेला माणूस तेवढा खाली मान घालून बसला होता.

हसणं ओसरल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "जाताना तुम्ही मला म्हणाला होता, सिस्टर, आज एवढ्यावर भागवा. सवड झाली की आणा, अख्खी गाडी नवी करून देतो. आधी नोकरी, मग आईचं आजारपण, मग माझे गुडघे. आता सवड झाली."

साडू रंगाच्या पालथ्या डब्यावर बसले. हातातले हंस त्यांनी अंगठ्याने पुन्हा एकदा पुसले. "ते मी वेळ मारून न्यायला बोललो होतो, सिस्टर," ते म्हणाले. "तुम्ही घाईत होता, मला कामाची लाज वाटत होती. अख्खी गाडी मी आजवर एकही केलेली नाही. आता करीन म्हटलं तर हात इथवरच येतो." त्यांनी उजवा हात वर नेला, तो खांद्याच्या थोडा खालीच थांबला. "आज हो म्हटलं तर पुन्हा तसंच खोटं बोलल्यासारखं होईल. नाही. माझ्याच्यानं होणार नाही."

ज्यासाठी मला बोलावलं होतं ते ‘नाही’ स्पष्ट, साक्षीदारांसमक्ष उच्चारलं गेलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षं ज्या माणसाची मी थट्टा केली, तो माझ्यासमोर म्हातारा झाला होता.

"पण चाललं की ते," नर्सबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं चाललं. खड्ड्यांतून, पाण्यातून."

"डबा चांगला होता," साडू म्हणाले.

"होताच," ताई म्हणाली. मग तिने ट्रे गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "त्या दिवशी पोचलात का वेळेवर?"

"पोचले. मुलगी झाली. दोघी सुखरूप. दहा मिनिटं उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं." नर्सबाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली. "बरं, टेम्पोवाल्याला परत बोलावते. खोटं हो म्हणाला नाहीत, हेही काही कमी नाही."

बाहेर टेम्पोवाला कुणाशी तरी बोलत होता, तेवढाच आवाज. मी ताईकडे पाहिलं. बेचाळीस वर्षं मागितलेली शांतता तिच्यासमोर आयती उभी होती, आणि ताई रागावलेली दिसत होती.

"थांबा हो, सिस्टर," ती म्हणाली. "ह्या गाडीच्या पत्र्याला ह्यांच्याशिवाय आणखी कुणी हात लावलाय?"

"नाही. रंग तेवढा दुसरीकडून मारून घेतला. पत्र्याचं काम ह्यांचं एकट्याचं."

"मग अहो, ऐका. डावा कान इकडे करू नका, उजवा करा. मला शांतता हवी म्हटलं, ती हातोडीपासून नव्हे. हातोडीचं मला काही वाटत नाही; ती थांबली की मीच दचकते. मला कंटाळा आलाय तो तुमच्या तोंडाचा. बेचाळीस वर्षं रोज सकाळी उठून तुम्ही कुठल्या तरी परक्या माणसाला शिव्या देता आणि मी स्वयंपाकघरात त्या ऐकते. ज्याचं त्याला ऐकू जात नाही, ते सगळं मला ऐकू येतं. कुणी अख्खी गाडी दिली नाही, हा राग त्या बिचाऱ्यांवर काढलात." तिचा आवाज जरा ओला झाला. "आता ह्या गाडीत शिव्या खायला तुमच्याशिवाय दुसरं कोणीच नाही. दोन वर्षं लागू देत. माझ्या घरात इतकी शांतता पुन्हा कधी होणार नाही. घ्या ती."

"खांदा?" साडू म्हणाले.

नर्सबाईंनी पिशवी खाली ठेवली, पुढे होऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना काही कळायच्या आत हात मागे, पुढे, वर असा फिरवून पाहिला. साडू ओरडले. "आखडलाय. गेलेला नाही," त्यांनी निकाल दिला. "सकाळी दोन तास, संध्याकाळी एक. खांद्यावरचं काही करायचं नाही; छत करायचं तेव्हा उंच स्टुलावर बसायचं. आठवड्याला येऊन बघीन." औषधाच्या चिठ्ठीसारखं त्यांनी ते मला लिहायला लावलं. ताईने त्यात दुपारची एक ते चार ही वेळ हातोडीला बंद, असं घातलं. दोघी बायकांनी मिळून दोन वर्षांची व्यवस्था पाच मिनिटांत लावली, आणि ज्याला काम करायचं होतं त्याला कुणी विचारलं नाही.

साडू उठून गाडीपाशी गेले. डोळे मिटून त्यांनी छतावर दोन्ही तळहात ठेवले आणि ते पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत फिरवत नेले. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "लिहा, साडूभाऊ," ते म्हणाले. "गाडी घेतली."

मग आता घेतलीच आहे तर आत काय आहे बघू, म्हणून त्यांनी ट्रे बाजूला केला आणि बॉनेट उचललं. इंजिनाच्या कडेने कुणीतरी वायरींचा असा गुंता करून ठेवला होता की कोळ्यालाही लाज वाटावी. तीन ठिकाणी चिकटपट्ट्या, एके ठिकाणी चक्क चपलेचा बंद. पत्रा त्यांचा असला तरी वायरिंग त्यांचं नव्हतं. साडूंची छाती भरून आली. मान ताठ झाली. "आधी कुणी..." एवढं बाहेर पडलं, आणि त्यांनी वर पाहिलं. ताई मधल्या दारात उभी होती.

साडूंनी वाकून तो चपलेचा बंद हळूच सोडवला.

"असेल काहीतरी अडचण त्याची," ते म्हणाले, आणि मी तेही लिहून घेतलं.